चार वाजून दहा मिनिटांची चिठ्ठी

काकाजींच्या तेरवीच्या दिवशी त्यांच्या बायकोने मला आतल्या खोलीत बोलावलं आणि तीन वस्तू हातात ठेवल्या. कुडव्याच्या खोलीची किल्ली, चष्म्याची डबी आणि कागदाची एक अरुंद पट्टी. पट्टीच्या दोन्ही कडांना प्रिंटरच्या कागदाला असतात तशी गोल भोकं होती.

"हे त्याइच्या खिशात होतं," काकू म्हणाल्या. "तुमच्या कामाचं असन. मले इंग्रजी वाचता येत नाही."

ज्या शर्टात काकाजी रस्त्याच्या कडेला सायकलवरून पडले आणि परत उठले नाहीत, त्याच शर्टाच्या खिशात ती पट्टी होती. तिच्यावर इंग्रजी अक्षरांत एका बाईचं नाव होतं, खाली राईस मिलच्या क्वार्टरचा पत्ता. ते वाचलं आणि मी पट्टी मुठीत झाकली. ते नाव कुठल्याही कागदावर येणार नाही, असं वचन आम्ही तिला दिलं होतं.

काकाजी माझे सख्खे काका नव्हते. ते आणि बाबूजी मिळून गोंदियातल्या राईस मिलच्या मजुरांची एक छोटी संघटना चालवायचे. बाबूजी जिल्ह्यातल्याच गोरेगावकडच्या आमच्या घरी धानाची शेती करता करता पत्रकं लिहायचे. काकाजी गोंदियालगतच्या कुडवा गावात, भाड्याच्या खोलीत जबान्या ठेवायचे. जबानी म्हणजे मजुराने स्वतःच्या तोंडाने सांगितलेली हकीकत, त्याच्याच शब्दांत. मी त्या जबान्यांवरच वाढले. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी बाराखडी गिरवली आणि पालथ्या बाजूला छापलेलं वाचून अक्षरं जोडायला शिकले. आमच्या घरात देवाला नमस्कार केला नाही तरी चालायचं, पण न वाचलेलं पत्रक कुणाच्या हातात दिलं तर बाबूजी ते परत आणायला लावायचे.

त्या वर्षी, २००६ साली, मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते आणि एक पत्रक अर्धं लिहून तयार होतं. एका मिलमध्ये यंत्राच्या पट्ट्यात हात जाऊन एका बाईची बोटं तुटली होती. मिल म्हणत होती, तिचाच निष्काळजीपणा. त्या पाळीत तीनच बायका होत्या. त्यातल्या एकीने जबानी दिली होती, की पट्ट्यावरची जाळी मुकादमाने आधीच काढायला लावली होती. तिला मी इथे मावशी म्हणते. मावशी मिलच्याच क्वार्टरमध्ये एका खोलीत राहायची. तिने तोंड उघडलं हे कळलं असतं, तर काम आणि डोक्यावरचं छप्पर एकाच दिवशी गेलं असतं. आणि तिचं नाव एका मेलेल्या माणसाच्या खिशात निघालं होतं.

दुसऱ्या दिवशी मी खोली उघडली. शेजारी पिठाची चक्की होती, तिची धडधड भिंतीतून यायची आणि लाईन गेली की एकदम थांबायची. टेबलावर काकाजींचा जुना कॉम्प्युटर, बाजूला खिळ्यांच्या डोक्याने रिबिनीवर ठोकत छापणारा प्रिंटर. काकाजी गेल्यापासून दोन्ही बंदच होते. मशीनचा मुख्य पासवर्ड त्यांनी मला आधीच दिला होता.

त्या मशीनवर युनिक्सच्या वळणाची, मशीन चालवणारी एक मोफत प्रणाली होती. काकाजींनी ती टपालाने सीडीवर मागवलेली. सीडीवर नुसते तयार प्रोग्राम नव्हते. ते ज्या लिखाणातून तयार होतात ते सगळं लिखाण, म्हणजे सोर्स, सोबत होतं. कोणीही वाचावं, पटलं नाही तर बदलावं आणि आपल्या मशीनवर स्वतः बांधून घ्यावं. काकाजींना याचं फार अप्रूप. "पाहा, यांनी काही लपवलं नाही," असं ते आल्यागेल्याला सांगायचे. मी त्यांच्याकडूनच थोडंफार शिकले होते.

मशीन सुरू केलं. जबान्यांच्या फोल्डरमधून मावशीची उघडली, पत्रकासाठी हवा तेवढा मजकूर उतरवून घेतला. दुपारचं ऊन खिडकीच्या पत्र्यावर तापत होतं. चक्की सुरू होती. तेवढ्यात माझा हात कीबोर्डवर नसताना डिस्कचा दिवा लुकलुकला आणि प्रिंटरचं डोकं सर्रकन डावीकडून उजवीकडे गेलं. एक ओळ. मग दुसरी. मग कागद दोन बोटं पुढे सरकला आणि सगळं शांत झालं.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

कागदावर एका बाईचं नाव होतं आणि गाव. तिलाही मी ओळखत होते. संघटनेला सगळ्यात पहिली जबानी तिनेच दिली होती. दोन वर्षांपूर्वी ती वारली. तिच्या मयतीला मी बाबूजींबरोबर गेले होते.

मी तो कागद फाडला, डब्याच्या झाकणात जाळला आणि राख मोरीत ओतली. नंतर मशीनचं वेळापत्रक उघडलं. ठरलेल्या वेळी करायची कामं प्रणाली एका फाईलमध्ये लिहून ठेवते. त्यात प्रणालीच्या स्वतःच्या साफसफाईशिवाय काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी घड्याळासमोर बसून राहिले. चार वाजून दहा मिनिटांनी डोकं सरकलं. या वेळचं नाव रायपूरकडे वीटभट्टीवर निघून गेलेल्या बाईचं होतं. तिसऱ्या दिवशी जिचं आलं, तिला मिलने काढून टाकलं होतं आणि ती कुठे आहे हे आम्हाला माहीत नव्हतं. मेलेली, गेलेली, हरवलेली. अकरा जबान्या होत्या. त्यातल्या ज्या बायका आता नव्हत्या, त्यांना हे मशीन एकेक करून हाक मारत होतं, आणि माझ्या मनात विचार आला की सगळ्या नसलेल्यांची नावं संपली, की असलेल्यांची सुरू होतील. शेवटी मावशी.

मी प्रिंटरची तार काढली.

मला भुताची भीती नव्हती, असं त्या वेळी मी स्वतःला ठासून सांगितलं. भीती माणसाची होती. मशीन अधूनमधून फोनच्या तारेवरून इंटरनेटला जोडलं जायचं. कोणी तरी आत शिरलं आहे, यादी त्याच्या हाताला लागली आहे आणि तो आम्हाला ते कळू देतो आहे, असं मी धरून चालले. गोंदियात एका कॉम्प्युटर क्लासचे सर होते, त्यांना नावं न सांगता एवढंच विचारलं, की मशीन आपोआप छापतं.

"वायरस होगा मैडम," ते समोशाचा तुकडा तोडत म्हणाले. "फॉर्मेट मार दो. आधे घंटे का काम है."

"फॉरमॅट करता येत नाही. आतल्या कागदांची दुसरी प्रत करायची नाही, असा आमचा नियम आहे."

"कैसा नियम? बैकअप तो लेना पड़ेगा ना."

"दुसरी प्रत म्हणजे दुसरा चोर."

ते हसले. "तो फिर?"

"सोर्सवरून परत बांधते सगळं. जबान्यांना हात न लावता प्रणाली तेवढी नवी. वाचून बांधते."

"पढ़ के? दुनिया भर का कोड पढ़ोगी क्या? शादी हो जाएगी तब तक आपकी."

मला राग आला आणि त्या रागानेच मी पुढचे आठ दिवस त्या खोलीत काढले.

सगळं वाचणं शक्य नव्हतं, हे कबूल करते. पण जेवढं वाचता आलं तेवढं वाचलं. पासवर्ड तपासणारं, फोनची तार सांभाळणारं, प्रिंटरला कागद पाठवणारं. त्या लिखाणात मधेमधे माणसं बोलत होती. प्रोग्रामच्या ओळींशेजारी आपल्यासारख्यांसाठी टिपा लिहून ठेवायची त्यांची रीत आहे. कुठल्या देशातली, जिवंत आहेत की नाहीत काय माहीत. एकाने लिहिलं होतं, हे असंच का चालतं मला कळलेलं नाही, हात लावू नका. दुसऱ्याने, इथे जो येईल त्याने आधी खालचा भाग वाचावा. भर दुपारी, बाहेर कुत्रंही रस्त्यावर नसताना, अशा ओळी वाचल्या की खोलीत कोणी तरी आहे असं वाटायचं आणि मी मागे वळून पाहायची.

मग बांधायला घेतलं. सोर्सचं चालू प्रोग्राममध्ये रूपांतर करणाऱ्याला कंपायलर म्हणतात. पहिलं काम असतं नवा कंपायलर बांधायचं, आणि तो बांधतो जुना कंपायलर. तो तयार झाला की नवा बाकी सगळं बांधतो. म्हणजे ज्याच्यावर माझा विश्वास नव्हता, त्याच्याच हाताने मी विश्वासाचा माणूस घडवून घेत होते. जुन्याने काही लपवून नव्यात घातलं, तर ते सोर्समध्ये दिसणार नाही. हा विचार तिसऱ्या दिवशी आला आणि नंतर गेला नाही.

त्या उन्हाळ्यात लोडशेडिंग रोज वेळ बदलून यायचं. पडद्यावर ओळींवर ओळी वर सरकत असायच्या, चक्की थांबायची, माझा छोटा युपीएस चिरकायचा आणि मी घाईने काम थांबवायची. लाईन आली की जिथे थांबलं तिथून परत. दुपारी लाईन असली, तर चार वाजून दहा मिनिटांनी ओळी एक क्षण अडखळायच्या. क्षणभरच. चालता चालता माणूस कोणाला तरी वाट देतो आणि परत चालू लागतो, तसं. प्रिंटरची तार काढलेली होती, त्यामुळे कागदावर काही येत नव्हतं. पण अडखळायच्या. मी पाहिलं आहे.

त्याच दिवसांत पत्रक पुरं झालं. मावशीचं नाव त्यात नव्हतंच. बाबूजींनी ते दोनदा वाचलं, एका ठिकाणी "जबाबदार" काढून "गुन्हेगार" घातलं आणि छापखान्यात दिलं. दोन हजार प्रती. गोरेगावच्या बाजारात आणि मिलच्या फाटकांवर वाटायच्या होत्या.

आठव्या दिवशी बांधकाम संपलं. आता बांधलेलं सगळं जुन्याच्या जागी बसवायचं होतं. त्यासाठी मशीन एकट्या माणसापुरतं सुरू करावं लागतं. दुसरं कोणी आत येऊ शकत नाही, बाहेरच्या तारा बंद, काळ्या पडद्यावर फक्त एक चौकोन लुकलुकतो. मी दार लावून घेतलं. एकेक जुना प्रोग्राम गेला आणि त्याच जागी त्याच नावाचा नवा येऊन बसला. परत सुरू केल्यावर सगळं दिसायला अगदी पूर्वीसारखंच होतं. तेच मला आवडलं नाही.

दुपारी साडेतीनला मी प्रिंटरची तार लावली.

तो लगेच किंचाळला. एका दमात सहा नावं. तार काढलेल्या दिवसांत अडून राहिलेली, रांगेत उभी असलेली. ही जुन्या मशीनने सोडलेली उष्टी, असं मी मोठ्याने म्हणाले. आवाज माझाच होता, तरी बरा वाटला. आधीची तीन आणि ही सहा, नऊ. राहिली दोन. आता जर काही आलं, तर ते मी स्वतः बांधलेल्या प्रणालीतून येणार होतं.

चार वाजून दहा मिनिटांनी दहावं नाव आलं.

मी मशीन बंद केलं, कुलूप लावलं आणि मिळेल त्या एसटीने घरी गेले. बोलायचं तरी काय, हेही ठरलं नव्हतं.

घरी कवेलू फेरणं चाललं होतं. आमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर छपरावरचे कवेलू उतरवतात, झाडतात, फुटके बाजूला काढून नवे घालतात आणि परत रचतात. वर माणूस आणि खाली घर चालूच. आई उघड्या छपराखाली चुलीपाशी बसून भात शिजवत होती, तिच्या केसांवर धूळ पडत होती आणि चौकोनी आभाळातून ऊन तिच्या पाठीवर आलं होतं.

मी तिच्याजवळ बसून सगळं सांगितलं. कंपायलर वगैरे तिला कळावं म्हणून नाही, मला कोणाला तरी सांगायचं होतं म्हणून.

"म्हणजे सारं नवं घातलं?" आईने विचारलं.

"सगळं."

"अन् तरी तेच करून राहिलं?"

"तेच. त्याच वेळेला."

तिने उलथणं उचलून वर छपराकडे दाखवलं. "हे पाह्य. सारे कवेलू फेरले. उद्या नवं छप्पर. पण माही ही चूल अठीच राह्यते का नाही? कोठी अठीच, तुह्या बापाचा पत्रकाचा डबा अठीच. छप्पर फेरलं म्हणून घरातलं सामान कोण फेकते?"

मी तिच्याकडे पाहत राहिले.

"असी काऊन पाहून राहिली? भात खा."

सकाळच्या पहिल्या बसने मी कुडव्याला परतले. आईने म्हटलं ते खरं होतं. मी प्रोग्राम बदलले होते, पण घरातलं सामान जसंच्या तसं ठेवलं होतं, कारण मलाच ते ठेवायचं होतं. आणि प्रणालीच्या वेळापत्रकाखेरीज प्रत्येक माणसाचं स्वतःचं एक वेळापत्रक असतं, वेगळ्या जागी ठेवलेलं, हे मी पुस्तकात शोधून काढलं. बांधकाम त्याला शिवत नाही. काकाजींच्या नावाचं वेळापत्रक उघडलं. एकच ओळ होती. दहा मिनिटं, सोळा तास, रोज. म्हणजे रोज दुपारी चार वाजून दहा मिनिटं.

ती ओळ ज्या प्रोग्रामला हाक मारत होती, तो काकाजींनी स्वतः लिहिलेला, चार ओळींचा होता. यादीतलं सगळ्यात वरचं नाव छापायचं आणि तेच उचलून यादीच्या तळाशी ठेवायचं. बस. माथ्यावर टीप होती, मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. जाऊन वाचून दाखव. हो म्हणाली तर ठेव. नाही म्हणाली तर काढ.

मी दूरदेशीच्या अनोळखी माणसांचं हजारो ओळींचं लिखाण वाचलं होतं. हे चार ओळींचं वाचलं नव्हतं.

आणि मग एकदम आठवलं. रोज चारच्या सुमारास काकाजी टेबलावरून काही तरी फाडून खिशात घालायचे आणि सायकल काढायचे. मी समजायची, चहाला चालले. कधी विचारलं नाही. साडेचारला मिलची सुट्टी होते. ते फाटकावर जायचे, त्या दिवशीच्या बाईला तिचीच जबानी वाचून दाखवायचे आणि विचारायचे, की अजून हे तुझंच आहे का. अकरा बाया, अकरा दिवस, परत पहिली. यादी ज्या क्रमाने जबान्या आल्या त्या क्रमाची होती, म्हणून जुन्या, गेलेल्या बायांची नावं आधी यायची. आणि ते गेले त्या दिवशी शेवटचं नाव होतं, मावशीचं. तिच्याकडे जातानाच ते पडले होते. मी मशीन सुरू केलं तेव्हा यादी पुन्हा वरून सुरू झाली होती.

सगळं उलगडलं, तरी चार वाजायला आले तशी मी खुर्ची प्रिंटरपासून मागे सरकवली. बाहेर वारा तापला होता. चार वाजून दहा मिनिटांनी डोकं सरकलं. मावशीचं नाव. मी ते जाळलं नाही. जबानी छापून घेतली, पट्टीसकट खिशात घातली आणि काकाजींचीच सायकल काढली.

ते जिथे पडले तिथून जाताना मी खाली उतरून चालत गेले.

मावशी फाटकापासून थोडी पुढे, लिंबाखाली एकटी उभी होती. पदराने तोंडावरचा कोंडा पुसत होती. मला पाहून तिला नवल वाटलं नाही.

"आली का," ती म्हणाली. "मी म्हटलं आता कोणी येत नाही. त्या दिवशी अठीच उभी होती मी. अकरावा दिवस होता, येणारच होता तो. अंधार पडेपर्यंत थांबली. दुसऱ्या दिवशी समजलं." मग म्हणाली, "वाच."

आम्ही झाडाच्या मागच्या बाजूला गेलो. मी हळू आवाजात वाचलं. मुकादमाने जाळी काढायला लावली तिथे आल्यावर तिने हात वर केला.

"थांब. काढायले कोणं लावली ते खरं आहे. पण काढली कोणं?"

"कोणी?"

"मी. या हातानं. भुसा अडकत होता, काम थांबत होतं. तो म्हणे काढ, मी काढली. अन् दोन घंट्यानं तिचा हात गेला." ती रडली नाही. "त्याले मागच्या खेपेले म्हटलं होतं, का एक गोष्ट राह्यली आहे, पुढच्या खेपेले सांगीन. त्याची पुढची खेप आलीच नाही."

पत्रक छापून झालं होतं. उद्या बाजार होता. मी म्हणाले, "मावशी, गुन्हा मुकादमाचाच आहे. तुझं नाव कुठेच नाही. लोकांना हे कळायला पाहिजे."

"त्या पाळीत बाया किती होत्या?"

"तीन."

"एकीचे बोटं गेले. राहिल्या दोन. लोकाइले कळन, अन् मग मले कोण ठेवन? अन् ते जाऊ दे. जिचे बोटं गेले तिले मी अजून सांगतलं नाही, का जाळी मी काढली. तिच्या आधी कागदाले सांगू का?"

माझ्याकडे जेवढे मुद्दे होते तेवढे सगळे ओठांवर आले. घरात मुद्द्यांची कमी कधीच नव्हती. त्यातला एकही तिच्यासमोर उभा राहिना.

"काढू?" मी विचारलं.

"काढ. तिले सांगीन. मग लागलं त मीच येईन तुह्याकडं."

मी तिथूनच छापखान्यात गेले. "छप गया मैडम, बंडल भी बंध गए," तिथला माणूस म्हणाला. दोन्ही बंडलं सायकलला बांधून एसटी स्टँडवर आणली आणि घरी नेली. बाबूजी अंगणात कवेलू मोजत होते. ऐकल्यावर त्यांचा आवाज चढला.

"छापलेलं पत्रक मी आजवर मागं घेतलं नाही. मिलवाल्याला भिऊन त कधीच नाही!"

"बाबूजी, तुम्ही वाचलं होतं ते?"

"दोन खेपा वाचलं."

"तिला वाचून दाखवलं होतं?"

बाबूजींनी हातातला कवेलू खाली ठेवला. मग त्यांनी बंडलाची सुतळी स्वतः सोडली आणि गुरांच्या पाण्याच्या रिकाम्या टाक्यात कागद टाकायला सुरुवात केली. वरून पाणी ओतलं. शाई सुटून वर आली आणि टाक्यातलं पाणी काळं दिसू लागलं. आईने वाकून पाहिलं आणि वासराला दुसरीकडे बांधलं.

सकाळी खोलीवर येऊन मी मावशीची जबानी पुसली. यादीतून तिचं नावही काढलं. राहिली दहा. वेळापत्रकातल्या त्या ओळीला हात लावला नाही. चार वाजून दहा मिनिटांनी प्रिंटर चालला आणि पुन्हा पहिलं नाव आलं, त्या वारलेल्या बाईचं.

पहिल्यांदा हेच नाव मी जाळलं होतं. आता ते हातात धरून मी बसले. मेलेल्या बाईला काय वाचून दाखवायचं? हिच्या चिठ्ठीचं काकाजी काय करत असतील? यादीत ठेवली होती, म्हणजे काही तरी करतच असतील. मी जबानी छापली आणि सायकल काढली.

तिचं घर कुडव्याच्या पलीकडे, धानाच्या बांध्यांना लागून होतं. सून ओट्यावर सुपात तांदूळ पाखडत होती. माझ्या हातातला भोकांच्या कडेचा कागद पाहिला आणि तिने सूप खाली ठेवलं. ओळख विचारली नाही.

"मले वाटलं, तो बाबा गेला त आता हे बंद झालं," ती म्हणाली. आतून एक पाट आणला आणि ओट्यावर मांडला. माझ्यासाठी नव्हे, माझ्यासमोर. "तो अठी बसत होता. तुम्ही बी अठीच बसा."

मी बसले. समोर रिकामा पाट, त्याच्या मागे उघडं दार, दाराच्या आत अंधार. ऊन उतरायला लागलं होतं, पण अजून लख्ख होतं. मी वाचलं. सगळं, तिच्याच शब्दांत, जसं तिने सांगितलं होतं तसं. मधे एकदा आत भांड्याचा आवाज झाल्यासारखा वाटला. घरात दुसरं कोणी नव्हतं, हे सुनेनेच नंतर सांगितलं.

शेवटची ओळ संपली. काय म्हणायचं ते मला माहीत होतं.

"ठेवू का?" मी दाराकडे पाहून विचारलं.

सून दाराला टेकून, मान किंचित आत वळवून उभी होती. तशीच थोडा वेळ उभी राहिली. मला काही ऐकू आलं नाही.

"ठेव म्हणते," ती म्हणाली आणि पाट उचलून आत घेऊन गेली.